आधी चंदी, मग पंचिंग

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की बँकेची नोकरी करून नागपुरात काटोल रोडकडे दोन घोड्या सांभाळते, तर त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले, ताई, या वेळी बाकीचे प्रश्न ठेवा बाजूला, घोड्यांचेच घ्या. घेतले. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, नोकरी करता करता चौदा वर्षं घोड्यांच्या मागे लीद काढलीय, तेवढाच माझा अधिकार.

प्रश्न : ताई, मी मिहानला आयटीत आहे, शिफ्ट दुपारी १२ ते रात्री ९. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून सहा वर्षांची काठियावाडी घोडी आणली. हिंगण्याच्या पुढे मित्राच्या शेतावर ठेवलीय, तिथला माणूस सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला चारा-चंदी (चंदी म्हणजे दाण्याचा खुराक) टाकतो. मी शनिवार-रविवार जातो आणि दोन-दोन तास चांगली पळवतो. आता ती दाराचं लाकूड कुरतडते, मला पाहिलं की कान मागे टाकते, मागच्या रविवारी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावली पण. मित्र म्हणतो घोडी बिघडली, बायको म्हणते तुला वेळ नाही तर विकून टाक. काय करू?
(एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : मित्राला सांगा, घोडीत काही खोट नाही. घोडं पेंड खातंय ते तुमच्या सात आणि सहाच्या टायमिंगमध्ये.

बघा, घोडा म्हणजे गाय नव्हे. गाय पोटभर खाते आणि मग निवांत रवंथ करत बसते, घोड्याला रवंथ नाही. एवढं मोठं धूड पण जठर दहा-पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास गळत राहतं, खाल्लेलं असो नाहीतर नसो. मोकळ्या रानात सोडला तर तो दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो, थोडं थोडं. तुमच्या घोडीला सातला चारा मिळतो, नऊ-साडेनऊला संपतो, मग संध्याकाळी सहापर्यंत ती काय करणार हो, दार खाणार. रात्री तर त्याहून वाईट, नऊ वाजता गव्हाण रिकामी आणि पुढचे दहा तास भिंत बघायची. अशा उपाशी पोटी घोड्यांना अल्सर होतो आणि मग तंग आवळला की दुखतं, म्हणून चावते. खोगीर पाठीला लागत असेल तरी असंच करतात, म्हणून डॉक्टरांना एकदा पोट आणि पाठ दोन्ही दाखवा, आपल्या मनाने गोळ्या नकोत.

इलाज स्वस्त आहे. कॉटन मार्केटला भाजीच्या पोत्याची जाळी मिळते ती घ्या, एकात एक दोन घाला म्हणजे भोकं बारीक होतात आणि कडबा ओढून ओढून खावा लागतो, दोन तासांत संपणारा चारा पाच तास पुरतो. जाळी छातीच्या उंचीला बांधा, खाली लोंबू देऊ नका, खूर अडकतो. चारा किती, तर वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तुमची घोडी ३५०-४०० किलोची धरली तर रोजचा सहा ते आठ किलो सुका. अंदाजपंचे नको, भंगारवाल्यासारखा लटकता काटा घ्या आणि आठवडाभर खरंच मोजून बघा, माणूस "भरपूर टाकतो" म्हणतो ते बहुतेक वेळा चारच किलो निघतं. सगळ्यात मोठा वाटा रात्रीला ठेवा. आणि नेमकं कडब्याचंच आपल्याकडे वांधं आहे, ज्वारी कमी झाली, जिकडे तिकडे सोयाबीन नाहीतर कापूस, म्हणून सुगीतच वर्षाचा कडबा भरून ठेवावा लागतो, एका घोडीला अडीच-तीन टन. सोयाबीनचं कुटार स्वस्त मिळतं पण काड्या भरड असतात, माझ्या घोड्यांना मी नाही घालत.

दुसरी गोष्ट, ते शनिवार-रविवारचं पळवणं. पाच दिवस जागेवर उभी, चंदी मात्र पूर्ण, आणि शनिवारी एकदम दोन तास. जुन्या काळी विलायतेत गाड्या ओढणारे घोडे रविवारी सुट्टीवर असायचे, खुराक तोच, आणि सोमवारी जुंपले की मागचे पुठ्ठे दगडासारखे आखडायचे, लघवी कॉफीच्या रंगाची. त्याला सोमवारचा आजार असंच नाव पडलं. तुम्ही तो शनिवारी आणून राहिले एवढाच फरक. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्मी, चारा पूर्ण. आणि त्या माणसाला महिन्याचे थोडे जास्त देऊन रोज अर्धा-पाऊण तास हातात धरून फिरवायला सांगा.

आता तुमच्या वेळेचं. शिफ्ट बाराची आहे बाप्पा, म्हणजे सकाळ तुमचीच आहे की! आम्ही दहाला पंचिंग करणारी माणसं पहाटे साडेचारला उठून जातो. आठवड्यातून दोन सकाळी फक्त जा, खोगीर गाडीतच राहू द्या. खरारा करा म्हणजे ब्रशने अंग घासा, चारी खूर उचलून साफ करा, पाठीवरून पायापर्यंत हात फिरवा, एखादी गाठ, एखादा गरम लागणारा पाय हातालाच कळतो, डोळ्याला नाही. आत्ता तुम्ही दिसलात म्हणजे तंग आवळला जाणार आणि पळावं लागणार एवढंच तिला माहीत आहे, कान मागे टाकणारच. तिथे दुसरं जनावर नसेल तर एखादी बकरी तरी सोबतीला ठेवा, एकटा घोडा आडवा पडून झोपायला घाबरतो, आणि उभ्याने डुलक्या घेऊन त्याची झोप पुरी होत नाही.

आणि रोज दोन फोटो मागवा. घोडीचे नाही, घोडी फोटोत नेहमीच चांगली दिसते. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला लीद आणि पाण्याचा ड्रम. चांगला घोडा दिवसातून आठ-बारा वेळा लीद टाकतो, अकरापर्यंत तीन-चार ढीग दिसलेच पाहिजेत, आणि ड्रमचं पाणी उतरलेलं दिसलं पाहिजे. माझ्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, मॅडमच्या मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा लिदीचे फोटो जास्त.

हे शहाणपण मला फुकट नाही आलं. काही वर्षांपूर्वीचा ३१ मार्च, क्लोजिंग, ब्रँचमध्ये बॅलन्स जुळेना. आमच्याकडे घोड्या सांभाळणाऱ्या सईस काकांच्या भाचीचं लग्न होतं, त्यांना पाचच्या एसटीने निघायचं. मी फोनवर सांगितलं, काका, मला उशीर होईल, दोन्ही वेळची चंदी एकदाच टाकून द्या, ड्रम भरा आणि निघा. त्यांनी दोनदा विचारलं, एकदाच टाकू? मीच म्हटलं, टाका. रात्री अकराला पोचले तर माझी घोडी मैना घामाने ओली, पुढच्या पायाने जमीन उकरून वीतभर खड्डा केलेला, सारखी मान वळवून पोटाकडे बघायची. टॉर्च मारला तर संध्याकाळपासून लिदीचा एक गोळा नाही. ड्रम काळा प्लास्टिकचा, दिवसभर उन्हात, मी हात घातला तर पाणी अंघोळीला काढल्यासारखं गरम, तिने तोंडसुद्धा लावलं नव्हतं. वर चार किलो कोरडी चंदी पोटात. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं वर यायला रस्ताच नाही, म्हणून पोटशूळ झाला की घोडा असा बघता बघता जातो.

डॉक्टरांनी फोनवर पहिलं विचारलं, ठोके किती? जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवून मोजले, पंधरा सेकंदात सोळा. म्हणजे मिनिटाला ६४, एरवी उभ्या घोड्याचे २८ ते ४४ असतात. ते म्हणाले, समोरचं खाणं सगळं काढा, लोळायला लागली तर हळूहळू चालवा, आणि घरात दुखण्याचं इंजेक्शन असेल तर मला विचारल्याशिवाय टोचू नका, दुखणं दबतं आणि मला आतलं काही कळत नाही. ते येईपर्यंत मी ऑफिसच्या साडीत तिला अंगणात गोल गोल फिरवत होते. मग नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि पॅराफिन सोडलं. साडेतीनला तिने लीद टाकली. डॉक्टर तिथेच पोत्यावर बसून म्हणाले, चहा मिळेल का. मी दहाला ब्रँचमध्ये हजर, केसात कडबा, आणि मॅनेजर सांगतात, मॅडम, बॅलन्स जुळला.

तेव्हापासून माझा साधा हिशोब, मला उशीर होणार असला की चंदी रद्द, चारा डबल. एक वेळ चंदी चुकली तर घोडीचं काही अडत नाही. आणि कोणत्याही वेळी दोन किलोच्या वर चंदी एकदम नाही.

विकायचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत हे करून बघा. तोवर दोन सकाळीसुद्धा निघत नसतील तर विका, चांगल्या घरी विकलेली घोडी सुखी राहते, त्यात लाज कसली.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुलगी बारा वर्षांची, तिला घोड्याचं फार वेड. आमच्या घरामागे ३० बाय ५० चा रिकामा प्लॉट आहे. मारवाडी शिंगरू घेतलं तर ते आणि ती सोबतच मोठी होतील असं वाटतं. शाळा सांभाळून जमेल का?
(एक वाचक, बेसा)

उत्तर : मॅडम, नका घेऊ. शिंगरू आणि मुलगी दोघांनाही काही येत नाही, शिकवणार कोण? नवशिक्याला दहा-बारा वर्षांचा, सगळं बघून झालेला शांत घोडा पाहिजे. त्या मारवाडीच्या आत वळलेल्या कानांवर आम्हीपण भाळलोय, पण कान बघून घोडा घ्यायचा नसतो.

आणि प्लॉटचं म्हणाल तर एक घोडा रोजची पंधरा-वीस किलो लीद टाकतो, ती तुम्ही सकाळच्या शाळेआधी उचलणार, कुठे टाकणार? माश्या शेजाऱ्यांकडे जाणार, शेजारी महापालिकेत जाणार, म्हणून परवानगीचं तर आधीच विचारून घ्या. तिकडची जमीन काळी असेल तर पावसाळ्यात दोन महिने चिखल, त्यात उभं राहून खुराचा तळवा सडतो, घाण वास येतो, मुरूम टाकून जागा फूटभर उचलावी लागते. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, वर्षाला धनुर्वाताची लस (घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, एक गंजका खिळा बस झाला), दात घासून घेणं, जंताचं औषध. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मुलगी शिकायला पुण्याला जाईल, लग्न होईल, आणि शिंगरू तुमच्या रिटायरमेंटपर्यंत बेसालाच.

तिला आधी एखाद्या रायडिंग शिकवणाऱ्या ठिकाणी घाला आणि नुसतं बसायला नाही, तबेल्यात काम करायला. पुढच्या मे महिन्यात, शाळेला सुट्ट्या असतात तुम्हालापण, दोघी मायलेकी रोज पहाटे पाचला जा. नागपूरचा मे, २०१३ मध्ये २३ तारखेला ४७.९ डिग्री गेलं होतं आठवतं ना, त्या दिवसांत घोडे काही सुट्टी देत नाहीत, दुपारी दोनला पण जाऊन पाणी बदलावं लागतं. नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत तिचं वेड टिकलं तर मला पुन्हा लिहा, मग कुणासोबत अर्ध्या-अर्ध्या खर्चात घोडा वाटून घ्यायचं बघू.

प्रश्न : आमच्या बाबांचा वरातीच्या घोड्यांचा धंदा, कामठीला. ते गेले, आता दोन घोड्या माझ्या गळ्यात. मी बुटीबोरीला कंपनीत आहे, जनरल शिफ्ट. सीझनमध्ये रात्री बारापर्यंत वराती आणि सकाळी सातला कंपनीची बस. घोड्या विकायला आईचं मन होत नाही. दोन्ही कसं जमवू?
(एक वाचक, कामठी)

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला तुमच्याआधी घोड्यांची दया आली, रागावू नका. तुम्हाला रविवार आहे, त्यांना लग्नाच्या सीझनमध्ये कुठला? दोन घोड्या आहेत हीच तुमची सोय, आज एक तर उद्या दुसरी, एका घोडीला लागोपाठ दोन रात्री नाही. असं केलं तर आपोआप तुमच्याही ऑर्डरी कमी होतील आणि झोप मिळेल. धंदा निम्मा होईल, होऊ द्या, पगार आहे ना.

दुपारच्या वराती बंदच करा. आपल्याकडे लग्नं भर दुपारची असतात, मला माहीत आहे, पण १९६५ चे ओझ्याच्या जनावरांचे जे केंद्राचे नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की पारा ३७ च्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ ओझं वाहायला लावायचं नाही. आपल्याकडे ३७ तर होळीच्या आसपासच होतात. पार्टी भांडली तर नियम दाखवा, हे कारण मात्र खरं आहे.

वजनाचं पण आधीच ठरवून घ्या. घोडी साधारण आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत पेलते, त्यात खोगीर आणि झूल आली. साडेतीनशे किलोच्या घोडीला सत्तर किलो. आता नवरदेवच नव्वदचा, त्यात शेरवानी, तलवार, आणि पुढे भाच्याला बसवायचा हट्ट, वर डीजे आणि पायाखाली फटाक्यांची लड. बुकिंगच्या वेळीच सांगायचं, भाचा चालत येईल आणि फटाके घोडीपासून लांब. जे ऐकत नाहीत त्यांना म्हणा, कार सजवा.

घरी आल्यावर लगेच चंदी टाकून झोपायला जाऊ नका. पाणी पाजा, थंड होईपर्यंत फिरवा, चारा टाका, चंदी सकाळी. वरातीत घोड्या जमतात तिथून रोग येतात, ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घेत जा, हा माणसालाही होतो, लस नाही आणि २००९ च्या कायद्याप्रमाणे पॉझिटिव्ह जनावराला दयामरणच द्यावं लागतं. दुसऱ्याच्या बादलीत तुमच्या घोडीने तोंड घालायचं नाही, आपली बादली सोबत न्या. आणि आता पावसाळ्यात गोमाश्यांनी सर्रा नावाचा रोग पसरतो, ताप येऊन जाऊन राहिला, पायांवर, पोटाखाली सूज दिसली आणि खाऊनही घोडी वाळत चालली तर थांबू नका. आपल्या गावात नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, सेमिनरी हिल्सला, कामठीहून अर्ध्या-पाऊण तासाचं, गाडी करून घेऊन जा.

आईला म्हणा, सीझन संपल्यावर बसून बोलू. आत्ताच्या घाईत नको.

प्रश्न : घाम आलेल्या घोड्यावर थंड पाणी टाकलं तर तो आखडतो, असं आमचा सईस म्हणतो. खरं का?
(एक वाचक, वाडी)

उत्तर : नाही. आमचे काकापण हेच म्हणायचे, अजूनही मनातून त्यांना पटलेलं नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी उकाड्यात घोडे कसे थंड ठेवायचे यावर बरंच काम झालं आणि थंड पाणी सगळ्या अंगावर भरपूर ओतणं हाच उपाय ठरला, स्नायूंना काही होत नाही. ओतत राहा, अंग गरम लागायचं थांबेपर्यंत. प्यायलाही लगेच द्या. ओला टॉवेल मात्र पाठीवर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. उन्हाळ्यात चाटायला मीठ ठेवा, घोड्याच्या घामात आपल्यापेक्षा जास्त मीठ जातं. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चालतो, जूनमध्ये दमट झालं की साधा पंखाच बरा. टिनाचं छत असेल तर वर पराट्या (कपाशीच्या काड्या) नाहीतर तुराट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) थर द्या, आमच्याकडे तेवढ्यानेच दुपारची आग कमी झाली.

प्रश्न : घरी गायी पण आहेत. दुकानदार म्हणतो पशुखाद्य सगळ्या जनावरांना चालतं, वेगळं घेऊन काय करता. घोड्याला दिलं तर?
(एक वाचक, कळमेश्वर)

उत्तर : अजिबात नाही. गायीच्या काही खाद्यात आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गायीला त्याने फायदा होतो आणि घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात, थोड्याशा मात्रेतही. सरकीची ढेपसुद्धा गायींनाच राहू द्या. घोड्याला ओट, भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, नीट उकळलेलं जवस थोडंसं, बस झालं, आणि कुठलंही नवं खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या. पशुखाद्याचं पोतं घोडा असतो त्या खोलीत ठेवूसुद्धा नका, कडी लावलीय म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्या मैनाने ओठाने कडी वर करून दोनदा दार उघडलंय, आता तिथे कुलूप आहे आणि किल्ली काकांच्या करदोट्याला.